प्रयोगबाई

प्रयागबाईला आयुष्यात दोनच गोष्टींचा मनापासून राग होता. एक रात्रीच्या लाइनीचा आणि दुसरा स्वतःच्या सातबाऱ्याचा. बाकी नवरा, सून, रानडुकरं, सोयाबीनचा भाव, या सगळ्यांशी तिनं कधीच जुळवून घेतलं होतं.

किन्हीराजाच्या फाट्यावरून आत गेलं की नाल्याच्या वरच्या अंगाला तिचं अडीच एकराचं विहिरीचं वावर लागतं. वाटणीत ते वाट्याला आलं तेव्हा नानाजीनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, मोठ्या हौसेनं ते बायकोच्या नावावर केलं. हातानं लिहिलेल्या सातबाऱ्यावर ‘प्रयागबाई नानाजी इढोळे’ असं टपोऱ्या अक्षरात होतं. पुढे सातबारे कम्प्युटरवर चढले आणि कुणा टायपिंग करणाऱ्याचं बोट नेमकं तिच्या नावावर घसरलं. ‘या’चा ‘यो’ झाला. त्या दिवसापासून सरकारदरबारी ती प्रयोगबाई झाली.

नाव दुरुस्त करायला तिनं अर्ज दिला. वर्षानं दुसरा दिला. तलाठी बदलून गेले, अर्ज मात्र होते तिथंच राहिले. सौर पंपाचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा आधारवर एक नाव आणि सातबाऱ्यावर दुसरं, म्हणून तिला तालुक्याला जाऊन स्टँपपेपरवर लिहून द्यावं लागलं की प्रयागबाई आणि प्रयोगबाई ही एकाच बाईची नावं आहेत. कचेरीत बाबूनं हाळी दिली, “प्रयोगबाई कोण?” ती बाकावरच बसून राहिली. आपल्याला हाक मारली हे तिच्या ध्यानातच आलं नाही. “अरे, कोणाचा प्रयोग आहे हा?” असं तो दुसऱ्यांदा ओरडला, तशी सगळी ओसरी हसली. मान खाली घालून ती उठली, चौथीपर्यंत गिरवलेली सही केली आणि एस.टी.त बसल्यावर पदर तोंडाला लावून रडली. ही गोष्ट गावात कशी पोचली कोण जाणे, पण बांधाचा शेजारी राजपाल पुढचे आठ दिवस भेटला की विचारायचा, “काय वयनी, आज कायचा प्रयोग?”

रात्रीच्या लाइनीचं दुखणं याहून मोठं होतं. वावरातली वीज पाळीनं यायची, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. मागच्या हिवाळ्यात रात्रीच्या पाळीला स्प्रिंकलरचे पाइप बदलायला गेलेला नानाजी बांधाच्या ओल्या धुऱ्यावरून घसरला आणि डाव्या मनगटावर पडला. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. आता त्या हातानं त्याला पाण्यानं भरलेली चरवीही उचलवत नव्हती. तरी रात्रीची पाळी आली की हाच माणूस बॅटरी घेऊन निघायचा. बाईमाणसानं रात्री वावरात जाऊ नये असं त्याचं मत होतं, आणि मोडक्या हाताच्या माणसानंही जाऊ नये असं तिचं. भांडण रोजचंच होतं आणि रोज तोच जिंकायचा. तो परत येईस्तोवर तिच्या डोळ्याला डोळा लागत नसे.

सौर पंप आला असता तर हे भांडणच मिटलं असतं. ऊन असलं की पाणी, आणि सांज झाली की घर. त्याच्यासाठी सोयाबीनचा सगळा पैसा तिनं आपल्या खात्यात तसाच ठेवला होता. दिवाळीला लुगडं घेतलं नाही आणि घ्यावंसंही वाटलं नाही. पंपाचा आपला हिस्सा भरायचं पत्र कधी येतं याचीच ती वाट पाहत होती.

त्या आठवड्यात दिवसाची लाइन होती. हरभरा फुलावर आला होता. नानाजी विहिरीवर स्टार्टरच्या पेटीजवळ बसला होता आणि प्रयागबाई नि तिची सून साधना, दोघी दोन टोकांनी पाइप धरून पुढच्या ओळीत नेत होत्या. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबीनं दोघींची बोटं चरचरत होती. पोटऱ्या गार पाण्यानं बधिर झाल्या होत्या. साधना बारावी झालेली, अंगानं बारीक पण कामाला चिवट. तिचा नवरा हरीओम पुण्याकडं कंपनीत होता आणि घरातला शहाणा फोन हिच्याजवळ होता. पंपाचा फॉर्म भरताना ई-मेल लागतो म्हटल्यावर सासूच्या नावाचा ई-मेल हिनंच काढला होता.

टोपल्यातल्या फोननं टुंग केलं. साधनानं पाइप खाली ठेवला, हात लुगड्याला पुसावे तसे ओढणीला पुसले आणि फोन पाहिला. पाहता पाहता तिचं तोंड उघडंच राहिलं.

“आत्याबाई! पंपाचा मेल आला!”

“काय म्हन्ते?” प्रयागबाईनं हातातलं टोक तसंच धरून ठेवलं.

साधनानं मोठ्यानं वाचलं. “प्रिय प्रयागबाई इढोळे, अभिनंदन! आपला सौर पंपाचा अर्ज मंजूर झाला आहे. आज सायंकाळी पाच वाजेपर्यंत खालील लिंकवर आपला हिस्सा भरावा, अन्यथा अर्ज रद्द समजण्यात येईल.”

प्रयागबाईच्या हातातून पाइप गळाला.

“काय म्हनलं? नाव काय म्हनलं?”

“प्रयागबाई.”

“परत वाच.”

“प्रिय प्रयागबाई इढोळे.”

“यो नाई ना?”

“नाई हो, आत्याबाई. या हाय. पाहा तुमीच.”

तिनं पाहिलं. चौथीची अक्षरओळख तेवढ्याला पुरेशी होती. प्र, या, ग. ऊन पडलेल्या काचेवर तिचं खरं नाव, आईबापानं ठेवलेलं, धडधडीत लिहिलेलं होतं. पंप मंजूर झाला याचा आनंद मागं राहिला आणि हाच आनंद पुढे आला. तिला भरून आलं, तिनं डोळे पुसले, आणि बोटांची आंब डोळ्यांत जाऊन ते असे झोंबले की हसावं का रडावं तिला कळेना.

“पाहा हो!” ती विहिरीकडं तोंड करून ओरडली. “सरकारनं मले प्रयागबाई म्हनलं!”

“म्हनलं तं बरं झालं,” नानाजी तिथूनच म्हणाला. “पंप कवा देते?”

“पाच वाजेलोक पैसे भराले सांगतलं.”

“मंग अठी काय करून राह्यली? जा घरी! पाइप मी पाह्यतो.”

“त्या हातानं?”

“जा ना वं!”

विहिरीवर फोनला रेंज नव्हती म्हणण्याइतकीच होती. लिंक उघडायची तर गावच्या पाण्याच्या टाकीपाशी जावं लागे. दोघी निघाल्या. चिखलाचे पाय गाडरस्त्याच्या फुफाट्यात पांढरे झाले. प्रयागबाईच्या अंगात वारं भरलं होतं. साधनाला तिच्यामागं पळावं लागत होतं.

नाल्यावर राजपाल भेटला, बैल घेऊन घराकडं चाललेला.

“राजपाल भाऊ, माहा पंप झाला! आन् नाव सुदिक सुधारलं. आता प्रयोग बंद!”

“मले बी आला ना मेल,” राजपाल म्हणाला. “पोरानं काढून देल्ला होता थो नंबर का काय ते. बैलं बांधतो, जेवतो, अन् भरून टाकतो. पाच वाजेलोक टाइम हाय.”

दोन शेजाऱ्यांना एकाच दिवशी पंप! आता बांधावर दोन्हीकडं पाणी, असं बोलत प्रयागबाई गावात शिरली. घरी पत्र्याच्या पेटीतून पासबुक आणि बँकेचं कार्ड काढलं. ते कार्ड तिनं चार वर्षांत दोनदा वापरलं असेल. पाय धुतले. आणि टाकीकडं जाताना चावडीसमोर जगदेव कोतवाल झाडू घेऊन उभा दिसला, तशी ती थांबली. माणसाचं देणं शब्दानं तरी फेडावं अशी तिची रीत होती.

“जगदेव, लय उपकार झाले बाप्पा तुमचे. मी उगंच तुमाले शिव्या देत होती.”

“कायले देत होत्या?” जगदेव गोंधळला.

“माह्या नावापायी. सुधारलं ना नाव! आज पंपवाल्याइनं बरोबर नाव लिवून पाठवलं.”

जगदेवनं झाडू भिंतीला टेकवला. “कोनं सुधारलं? तलाठी साहेब तं पंधरा रोज झाले ट्रेनिंगले गेले. तुमचा कागद तठीच टेबलावर हाय. मी रोज त्याच्यावर चहाचा कप ठेवतो. गोल गोल डाग पडले हाय त्याच्यावर, दाखवू काय?”

“नोको,” ती म्हणाली आणि चालू लागली. पण तिची चाल आता पहिल्यासारखी नव्हती.

टाकीच्या पायऱ्यांवर दोघी बसल्या. साधनानं लिंक उघडली. वर पंपाचं चित्र, हिरवी पट्टी, खाली भरायची घरं. सगळं छान, सरकारी दिसत होतं. साधना पासबुकातून खाते नंबर पाहून भरत गेली. मग कार्डाचे आकडे भरले.

“आत्याबाई, पिन सांगा.”

प्रयागबाई समोर पायानं माती उकरणाऱ्या कोंबडीकडं पाहत होती.

“आत्याबाई, चार आकडे. साडेतीन वाजून राह्यले.”

“थांब.”

“काहून?”

“कागद टेबलावर हाय म्हन्ते जगदेव.”

“मंग?”

“मंग नाव कोनं सुधारलं?”

साधनाला हसू आलं. “कम्प्युटरनं सुधारलं असन.”

“कम्प्युटरनंच तं बिघडवलं!” प्रयागबाईचा आवाज चढला. “सात वर्सं झाले मी चकरा मारून राह्यली. पंपाचा फारम बी त्याच नावानं भरला ना आपुन? स्टँप कायले केला मंग? फारमवर प्रयोगबाई, सातबाऱ्यावर प्रयोगबाई. यायले प्रयाग कोनं सांगतलं?”

साधनाचं बोट काचेवरून वर उचललं गेलं.

“तू पह्यले मले जुना मेल दाखव. फारम भरल्यावर आलता थो.”

साधनानं मागं मागं जाऊन तो काढला. ‘अर्जदार: प्रयोगबाई नानाजी इढोळे. आपला अर्ज प्राप्त झाला.’ अर्जाचा लांबलचक नंबर होता. आजच्या मेलमध्ये ना नानाजी होता, ना नंबर. मग साधनानं, आधीच करायला हवं होतं ते केलं. मेल कुणी पाठवला त्या ओळीवर बोट दाबलं. जुन्या मेलचा पत्ता आणि नव्याचा पत्ता ती एकेक अक्षर ओठांत पुटपुटत ताडून पाहू लागली. वर नाव ऑफिसचंच लिहिलं होतं, पण खालच्या पत्त्यात एक अक्षर जास्तीचं घुसलं होतं आणि शेपूट तर भलतंच होतं. लिंकचंही तसंच.

“आत्याबाई…” साधनाचा चेहरा उतरला. “हे ऑफिस नाई.”

“नाईच!” प्रयागबाई म्हणाली. “मले तं त्या पाच वाजल्याचंच नवल वाटून राह्यलं होतं. सरकारले कवा घाई असते काय? आपल्याले सात वर्सं बसवून ठेवलं, अन् यायले पाच वाजेलोक पैसे पायजेत.”

“अन् पिन तं ब्यांकवाले बी इचारत नाई. मले ठाऊक होतं, आत्याबाई. ठाऊक असून मी इचारला तुमाले.” साधना रडवेली झाली. “पन तुमचं नाव यायले कसं…” ती मध्येच थांबली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. “मीच देल्लं! ई-मेल काढताना मीच प्रयागबाई इढोळे टाकलं. त्याच्यावरूनच उचललं यायनं.”

प्रयागबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. नानाजीचं मनगट, सोयाबीनचं पोतं न् पोतं, न घेतलेलं लुगडं, सगळं त्या चार आकड्यांच्या पलीकडं होतं आणि आकडे अजून तिच्या तोंडात होते. तिनं मोठा श्वास सोडला. “सांगतले नाई ना मी? बस झालं. बंद कर थे.” आणि लगेच ती ताडकन उठली. “साधना! राजपाल!”

साठीला आलेली बाई भर गावातून पळताना पाहून लोक दारात आले. राजपालच्या अंगणात तो खाटेवर मांडी घालून बसला होता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, फोन हातभर लांब धरलेला, एका बोटानं काच दाबत होता. बायको सुकेशनी कार्ड उन्हाकडं धरून आकडे सांगत होती.

“झालंच वयनी,” तो वर न पाहता म्हणाला. “चार आकडे राह्यले फक्त.”

प्रयागबाईनं त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. चष्मा अंगणात पडला.

“अवं, हे काय?”

“खोटं हाय थे! चोर हाय!”

“कशावरून?”

“मले प्रयागबाई म्हनते, त्याच्यावरून!”

राजपालनं चष्मा उचलून नाकावर चढवला. मागून धापा टाकत साधना आली आणि तिनं अक्षर-अक्षर दाखवून समजावलं तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. बिचाऱ्याच्या सातबाऱ्यावर नाव बिनचूक होतं. त्याला शंका यायचं काही कारणच नव्हतं. सुकेशनीनं कार्ड पदरात बांधलं आणि पदराला दोन गाठी मारल्या.

“वयनी,” फोन परत घेत राजपाल म्हणाला, “हा प्रयोग बरा केला तुमी.” या वेळी प्रयागबाईला राग आला नाही. तीच आधी हसली.

दुसऱ्या दिवशी सासू-सून पहिल्या एस.टी.नं वाशीमला गेल्या. आधी बँकेत. साधनानं न लपवता सगळं सांगितलं, की आकडे भरले होते, पिन भरला नव्हता. काउंटरवरच्या पोरीनं पाहून सांगितलं, खात्यातला एक रुपया हललेला नाही. जुनं कार्ड बंद करून तिनं नव्याचा अर्ज लिहून घेतला. प्रयागबाई तिथल्या खुर्चीवर पाय सैल सोडून जरा वेळ नुसती बसून राहिली. पाणी मागून प्याली.

मग पंपाच्या ऑफिसात. मेलवर भरवसा नाही, अर्जाच्या जुन्या पावतीवरचा पत्ता पाहून पायीच. तिथं बरीच माणसं होती. साधनानं पावती आत दिली आणि दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. शेजारी कुठल्याशा गावची चार माणसं तंबाखू मळत बसली होती. एकाच्या तोंडून कालच्याच मेलची गोष्ट निघाली. त्याच्या भाच्यानं पिन भरला होता. प्रयागबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि ऐकत राहिली.

“प्रयोगबाई नानाजी इढोळे!” आतून आवाज आला. “प्रयोगबाई कोण?”

तंबाखूवाल्यांपैकी एक जण फिसकन हसला.

प्रयागबाई उठली. पदर सारखा केला, आणि सगळ्या ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मी! मीच प्रयोगबाई!”

टेबलामागचा माणूस तरुण होता आणि बोलायला नीट होता. त्यानं कालचा मेल पाहिला, पत्ता लिहून घेतला, मेल पुसू नका आणि पोलिसातही सांगा म्हणाला. मग तिचा अर्ज काढला. अर्ज जागच्या जागी होता. नंबरही हलला नव्हता. पुढच्या आठवड्यात माणूस विहीर पाहायला येणार होता. पैशाचं त्यानंतर, आणि तेही अर्जाच्या नंबरानं.

“बाई,” तो आधार आणि सातबारा शेजारी ठेवून म्हणाला, “तुमचं नाव चुकलंय वाटतं. दुरुस्तीला टाकायचं का?”

साधनानं सासूकडं पाहिलं. सात वर्षं तिनं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो आज एका भल्या माणसानं आपणहून विचारला होता.

“राहू द्या साहेब,” प्रयागबाई म्हणाली. “पंप बसेलोक तरी राहू द्या.”

सांज व्हायच्या आत दोघी वावरात आल्या. नानाजीनं उजव्या हातानं आणि कोपरानं रेटत निम्मे पाइप बदलले होते आणि उरलेल्यांसमोर कंबरेवर हात ठेवून उभा होता. हरभऱ्यावर पाण्याचे थेंब चमकत होते. दोघींना पाहून तो धुऱ्यावर आला. पैसे राहिले का, हे त्याला विचारायचं होतं, पण तोंडातून निघत नव्हतं. म्हणून त्यानं दुसरंच विचारलं.

“ऑफिसात गेल्ता ना? खऱ्या ऑफिसात?”

“गेल्तो.”

“काय म्हनून हाक मारली तुले?”

“प्रयोगबाई.”

नानाजीनं डोक्यावरचा शेला काढून तोंड पुसलं. कालपासून ताठलेले त्याचे खांदे खाली आले.

“मंग बरोबर ठिकानी गेली होती तू,” तो म्हणाला, आणि पाइपाचं एक टोक चांगल्या हातानं उचलून तिची वाट पाहत उभा राहिला.